घरात इंग्रजी कोण बोलणार?

गेल्या महिन्यात सातपूरच्या विहारात रविवारची वंदना आटोपली आणि आम्ही बाहेर चपला शोधत होतो. तेवढ्यात एक ताई जवळ आल्या. "जयभीम भाऊ, दोन मिनिटं थांबता का?" त्यांचे मिस्टर अंबडच्या एका कंपनीत कंत्राटी कामावर आहेत, आठवड्याला पाळी बदलते. ताई स्वतः दोन घरच्या पोळ्या लाटतात. मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीला. त्याची फी कशी भरली जाते ते आम्ही विचारले नाही, कारण ते आम्हाला ठाऊक आहे. सातपूर-अंबडच्या निम्म्या घरांत ती तशीच भरली जाते.

ताई म्हणाल्या, "शाळेत बाईंनी बोलावून सांगितलं, घरी मुलाशी इंग्रजीत बोलत चला. भाऊ, आम्ही दोघं दहावीच्या अलीकडचे. घरात इंग्रजी कोण बोलणार?" मग जरा थांबून, खाली बघत म्हणाल्या, "मी आता त्याच्याशी कमीच बोलते. म्हटलं, आपल्या मराठीनं त्याचं नुकसान नको."

वाचकहो, हे शेवटचे वाक्य आमच्या मनातून जाईना. मुलाचे भले व्हावे म्हणून आईने मुलाशी बोलणेच कमी केले! असला सल्ला देणाऱ्या शाळेला काय म्हणावे? पण शाळेला नावे ठेवण्यापूर्वी आम्हाला आमचाच गुन्हा कबूल केला पाहिजे, कारण दहा वर्षांपूर्वी आम्ही त्याहून मोठा शहाणपणा केला होता.

२०१५ साल. आमची थोरली मुलगी दुसरीत होती. 'वनस्पती आपले अन्न कसे तयार करतात' याचे इंग्रजी उत्तर ती घडाघडा म्हणायची. एकदा आम्ही विचारले, "बेटा, प्लांट म्हणजे काय?" तर ती गप्प. आम्ही घाबरलो आणि त्याच रात्री घरात कायदा केला की सोमवारपासून जेवताना, खेळताना, सगळीकडे इंग्रजीच बोलायचे. आता आमची इंग्रजी म्हणजे बी. कॉम. झालेल्या कारकुनाची इंग्रजी. ती 'विथ रेफरन्स टु युवर लेटर' येथे सुरू होते आणि 'युवर्स फेथफुली' येथे संपते. मधल्या जागेत 'भाजीत मीठ कमी पडले', 'कुशीवर झोप', 'कोणी मारले तुला' हे कुठे बसवायचे? आम्ही जेवताना मुके झालो. सौभाग्यवती तर खुणांनीच वाढू लागल्या.

चौथ्या दिवशी मुलगी खेळताना पडली. गुडघा सोलून निघालेला. दारात उभी राहून ती आमच्याकडे बघत होती, ओठ हलत होते, पण इंग्रजी शब्द सापडत नव्हता. मग ती आमच्या आईकडे गेली आणि तिच्या कानात, अगदी हळू, मराठीत म्हणाली, "आजी, लागलं गं." आमची आई सिन्नरला विड्या वळून संसार केलेली, चौथी शिकलेली बाई. ती आम्हाला एवढेच म्हणाली, "लेकराला स्वतःच्या घरात चोरून रडायला लावलंस." कायदा तिथेच रद्द झाला.

पण आई तेवढ्यावर थांबली नाही. "तुझे आजोबा काय शाळेत गेले होते इंग्रजी शिकायला?" तिने विचारले, आणि आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आमचे आजोबा देवळाली कॅम्पात गोऱ्या पलटणीच्या मेसमध्ये मसालची होते, म्हणजे भांडी घासणारे. (या देवळालीने इंग्रजीला एक शब्दही दिला आहे बरे! विलायतेच्या बोटीची वाट बघून बघून कॅम्पात शिपायांची डोकी फिरायची, म्हणून डोके फिरलेल्याला इंग्रजीत 'डुलॅली' म्हणू लागले. तो शब्द आजही त्यांच्या शब्दकोशात आहे.) आजोबांना ए-बी-सी-डी येत नव्हती, मराठीत सहीसुद्धा येत नव्हती. पण म्हातारपणीही ते आम्हाला 'कम हिअर', 'हरी अप', 'डोन्ट टच, हॉट' असे टॉमी शिपायाच्या थाटात सुनवायचे आणि आम्ही खो खो हसायचो. ते शिकले कसे? तापलेल्या पातेल्याकडे हात गेला की गोरा आचारी ओरडायचा 'हॉट!' हात मागे आणि शब्द आत. शब्द कानावर पडला त्याच क्षणी त्याचा अर्थ बोटाला चटका देत होता. उलट आम्ही पाचवीपासून पदवीपर्यंत इंग्रजी शिकलो, अर्ज बिनचूक लिहू लागलो, पण पहिल्या वर्षी ऑफिसात दिल्लीहून कोणाचा फोन आला की आमची जीभ टाळूला चिकटायची.

आता आपल्याच घरातले दुसरे उदाहरण बघा. आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना त्रिसरण आणि पंचशील तोंडपाठ असते. ती पाली भाषा आहे, मराठी नव्हे. कोणी त्यांना व्याकरण शिकवले नाही, वही दिली नाही. आईच्या मांडीवर बसून, रोज तेच स्वर ऐकून ती पाली त्यांच्या जिभेवर आली, उच्चारासकट. म्हणजे परकी भाषा घरात कानाने येऊ शकते याचा पुरावा प्रत्येक बौद्ध घरात आहे. मात्र त्याच मुलाला विचारा, "पालीत 'पाणी दे' कसे म्हणतात?" सांगता येणार नाही. मोठ्यांनाही येणार नाही. ध्वनी आला, पण त्याला रोजच्या जगण्यातला अर्थ जोडला गेला नाही. बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण रचण्याचे कष्ट घेतले (शासनाने ते १९९८ साली सोळाव्या खंडात छापले), त्यामागे आमच्या समजुतीप्रमाणे हीच तळमळ असावी की लोकांनी नुसते म्हणू नये, समजून म्हणावे.

तर आजोबांना ध्वनी आणि अर्थ दोन्ही मिळाले, अक्षर मिळाले नाही. वंदनेत मुलांना ध्वनी मिळतो, अर्थ मागे राहतो. शाळेत आमच्या मुलीला अक्षर मिळाले, पण अर्थ नाही आणि धड ध्वनीही नाही. घरात भाषा शिकवायची म्हणजे आधी ध्वनी आणि अर्थ यांची गाठ मारायची. अक्षर मागून येते.

मोठमोठ्या विद्वानांनीही हेच सांगितले आहे, असे पुढे वाचनात आले. अमेरिकेतील जेम्स अॅशर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात यावर प्रयोग केले. लहान मूल बोलू लागण्याआधी कित्येक महिने नुसते ऐकते आणि ऐकलेले करते. 'ये', 'बस', 'ते तोंडातून काढ' याला ते तोंडाने नाही, अंगाने उत्तर देते. मग परकी भाषाही अशीच हुकूम देऊन शिकवावी, शिकणाऱ्याने आधी फक्त कृती करावी, बोलणे आपोआप येईल तेव्हा येऊ द्यावे, ही त्यांची पद्धत. पुढे १९८३ साली स्टीफन क्रॅशन आणि ट्रेसी टेरेल या दोघांनी 'नैसर्गिक पद्धती'वर पुस्तकच लिहिले. त्याचे सार असे की, जे ऐकले ते कळत असेल तरच भाषा अंगात मुरते, न कळणारी कितीही ऐकवा, वाया जाते. देवळालीच्या मसालचीला हे पुस्तक न वाचताच कळले होते.

मग आम्ही काय केले? रात्री जेवणे झाल्यावर पंधरा मिनिटे काढली. बाकी सगळा दिवस मराठीचा, एकही बंधन नाही. एका कागदावर दहा हुकूम लिहिले, देवनागरीत. स्टँड अप. सिट डाऊन. ओपन द डोअर. ब्रिंग द ग्लास. टच युवर नोज. उच्चाराची खात्री नव्हती म्हणून मोबाईलमधल्या शब्दकोशाला आधी बोलायला लावायचे, आम्ही ऐकायचे, मग म्हणायचे. पहिल्या दिवशी आम्ही हुकूम म्हणून दाखवला आणि स्वतःच उठलो, बसलो, नाकाला हात लावला. मुलगी हसली आणि तिनेही केले. मराठीत अर्थ सांगावा लागलाच नाही.

आठवड्याने हुकूम एकमेकांत मिसळले. 'ब्रिंग द ग्लास' आले, 'टच द डोअर' आले, मग 'ब्रिंग द टॉवेल अँड पुट इट ऑन पप्पाज हेड'. यात जितका वेडेपणा तितके लक्ष पक्के, हा आमचा अनुभव. तिसऱ्या आठवड्यात मुलगी स्वतः हुकूम सोडू लागली. आणि एके रात्री तिने आजीला म्हटले, "आजी, स्टँड अप!" आई गुडघे धरत उठली. मग विचारते, "या भाषेत अहो-जाहो नाही का गं?" मुलगी म्हणाली, "नाही आजी, सगळ्यांना यूच." आई थोडा वेळ गप्प बसली. "साहेबाला पण यू आणि झाडूवाल्याला पण यू?" "हो." "बरी भाषा आहे मग," आई म्हणाली आणि त्या दिवसापासून ती नेमाने खेळात येऊ लागली.

यात बापाला एक कडू घोट प्यावा लागतो, तो लपवून ठेवत नाही. 'व्हेजिटेबल' हा शब्द आम्ही आयुष्यभर चार तुकडे करून म्हणत आलो. एके रात्री मुलीने सगळ्यांसमोर आम्हाला दुरुस्त केले. पटकन राग आला. कारकून असलो तरी घरात साहेब आम्हीच ना! मग मोबाईलला विचारले. मोबाईलने मुलीच्या बाजूने निकाल दिला. त्या दिवसापासून ती आमची मास्तरीण झाली आणि तिचा अभ्यासातला जोरही तेव्हापासूनच वाढला. उलट तिची चूक झाली तर आम्ही तिला अडवत नसू. ती 'आय गोड टु स्कूल' म्हणाली तर आम्ही 'ओहो, यू वेंट टु स्कूल' एवढेच म्हणत असू. आपण बोबड्या बोलाला 'चुकलास' म्हणतो का? आपण तेच शब्द नीट म्हणून दाखवतो.

या सगळ्या गडबडीत धाकटा चिरंजीव, तेव्हा तीन वर्षांचा, आजीच्या मांडीवर नुसता बसून असायचा. हुकूम पाळायचा, पण तोंडातून एक इंग्रजी शब्द नाही. पाच महिने! सौभाग्यवतींना वाटले, याच्या डोक्यात काही शिरत नाही. आम्हालाही वाटले. एके सकाळी मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालायला आले आणि हा ओरडला, "गो आऊट! नॉट युवर मिल्क!" असे वाक्य त्याला कोणीच शिकवले नव्हते. तेव्हा, माता-भगिनींनो, मूल गप्प आहे म्हणून त्याला 'बोलून दाखव, पाहुण्यांना म्हणून दाखव' असे छळू नका.

हुकुमांचा खेळ चार-सहा महिने पुरतो. पुढे गोष्ट लागते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' नावाने मुलांची चित्रमय पुस्तके मोबाईलवर फुकट वाचायला खुली केली. त्यांत पुष्कळ गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आम्ही एक छोटी गोष्ट निवडायचो. पहिल्या रात्री ती मराठीत वाचायची, दुसऱ्या रात्रीपासून इंग्रजीत, चित्रावर बोट ठेवून. तीच गोष्ट वीस-वीस वेळा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. मात्र मुलाच्या हाती मोबाईल देऊन इंग्रजी कार्टून लावून आपण बाजूला झालो, तर त्याची गत अर्थाशिवाय म्हटलेल्या पाठांतरासारखी होते. शेजारी बसून 'ते काय करतेय रे?' असे विचारणारा माणूस लागतो.

शेजारी बसणारा माणूस म्हटले की सुभेदार रामजी सकपाळ आठवल्याशिवाय राहत नाहीत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानगा भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला, हे आपण विद्यार्थी दिनाला दरवर्षी ऐकतो. घरी काय चालले होते ते कमी ऐकतो. रामजीबाबा लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरी पक्की करून घेतली. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. मुलगा लवकर झोपायचा आणि बाप रात्री दोनपर्यंत जागा राहून त्याला अभ्यासाला उठवायचा, मग स्वतः आडवा व्हायचा. ही पद्धत आजच्या अर्थाने 'नैसर्गिक' नव्हती, पाठांतराची आणि भाषांतराची होती. पण तर्खडकरांच्या पुस्तकात प्रत्येक इंग्रजी वाक्याला मराठी वाक्याचा आधार होता, म्हणजे अर्थाची गाठ होती. मराठीला हाकलून तेथे इंग्रजी आणली नव्हती. त्याच घरात संध्याकाळी अभंग आणि कबीराचे दोहे म्हटले जात. कानाचे शिक्षण तेथे मराठी-हिंदीतून चालू होते.

आणि त्या मुलाने पुढे किती भाषा घेतल्या! शाळेत संस्कृत नाकारले म्हणून फारसी घ्यावी लागली, तर बी. ए.ला इंग्रजी आणि फारसी हेच विषय. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ढीगभर विषयांबरोबर फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक वर्गही केले. १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी पत्रव्यवहार केला तो जर्मन भाषेत. नाकारलेले संस्कृतही पुढे स्वतःच्या बळावर मिळवले.

कोणी म्हणेल, रामजीबाबांना इंग्रजी येत होते, आम्हाला येत नाही. रास्त आहे. त्यांच्यासाठी अलीकडचे एक उदाहरण देतो. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबाद जिल्ह्यात गाडीवाट नावाचे खेडे आहे. २०१९ साली तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेने मुलांना विचारले, कोणती परकी भाषा शिकाल? मुलांना यंत्रमानवाचे वेड, म्हणून ती म्हणाली जपानी! शाळेकडे ना पुस्तक, ना शिकवणारा. मास्तरांनी मोबाईलवरची चित्रफीत आणि भाषांतराचे अॅप यांवर सुरुवात केली. पुढे शहरातील एका जाणकाराने इंटरनेटवरून विनामूल्य शिकवणी दिली. खेड्यातल्या मुलांचे जपानी जर शिक्षकाला न येता सुरू होऊ शकते, तर आपल्या घरातले 'ब्रिंग द ग्लास' का नाही?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पंधरा मिनिटांच्या खेळाने कोणी इंग्रजीत निबंध लिहू लागत नाही. त्याला शाळा, वाचन, लिहिणे सगळे लागते. पण ज्या मुलाने भाषा आधी कानाने ओळखली, त्याला पुस्तकातले शब्द ओळखीचे वाटतात. आणि इंग्रजीसाठी इंग्रजी माध्यमच हवे असेही नाही. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले आहे. साताऱ्याच्याच जिल्ह्यात फलटणला अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी गरीब वस्तीतील मुलांना वाचते करण्यात उमेदीची वर्षे घालवली. स्वतः भाषाशास्त्राच्या डॉक्टर, मातृभाषा इंग्रजी, पण त्यांच्या संस्थेने काढलेली कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाची! ज्यांची इंग्रजी जन्माची, त्यांनी मराठीचा पाया धरावा आणि आपण तो स्वतःच्या हाताने खणून काढावा, हे आम्हाला तरी पटत नाही.

सातपूरच्या ताईंना आम्ही त्या रविवारी एवढेच म्हणालो, "ताई, आधी पोराशी पोटभर मराठीत बोला. दिवसभर काय झाले ते त्याला विचारा, तुमच्या माहेरच्या गोष्टी सांगा." आणि दहा हुकुमांचा कागद त्यांच्या हातात दिला. मिस्टर हे ऐकून हसतील, अशी त्यांना भीती होती.

परवा त्या पुन्हा भेटल्या. मिस्टर हसले नाहीत. उलट त्यांचीच आता पंचाईत झाली आहे. रात्रपाळी करून सकाळी सातला ते घरी येतात, दार वाजवतात, तर आतून आवाज येतो, "हू इज इट?" इंग्रजीत उत्तर दिल्याशिवाय पोरगा कडी काढत नाही. पहिल्या दिवशी बिचारे पाच मिनिटे बाहेर उभे होते, शेजारीपाजारी गोळा झाले. आता त्यांना तीन उत्तरे येतात, आणि चौथे ते कंपनीत डबा खाताना एका पोराकडून पाठ करून घेत आहेत.